जुबिलीचा फोटो

कापणीच्या सणाच्या रविवारी शिरूरच्या आमच्या ख्रिस्ती मंडळीची जुबिली स्मरणिका प्रसिद्ध झाली आणि तिच्यात माझी थोरली बहीण रूथ मृत दाखवली गेली. त्या दिवशी ती खुटबावला सासरी होती, तिला आठवा महिना लागला होता आणि तिची तब्येत चांगली होती. ती वारली असं स्मरणिकेत कुठेही लिहिलेलं नव्हतं. फक्त आमच्या कुटुंबाच्या फोटोत ती मागच्या ओळीत उभी होती, अंगात पांढरा पोशाख, डोक्याभोवती उजेडाचं वलय, आणि कमरेच्या खाली ती हळूहळू विरत गेलेली. आमच्या भागात असा फोटो कुणालाही समजावून सांगावा लागत नाही.

फोटो त्याच्या बऱ्याच आधी, ईस्टरनंतरच्या एका रविवारी काढला होता. तेव्हा मी बारावीची परीक्षा देऊन घरी बसले होते. आम्ही जुन्या मिशन कंपाउंडात राहत होतो. माझे वडील, आम्ही त्यांना आप्पा म्हणायचो, मिशनच्या शाळेतून शिक्षक म्हणून निवृत्त झाले होते आणि मंडळीचे पंच होते, म्हणजे कुणाच्या घरी नियम मोडला की जाब विचारणाऱ्यांपैकी एक. थोरला भाऊ दानिएल, म्हणजे दादा, रांजणगावला एका कंपनीत होता. पहाटे कंपनीची बस फाटकाशी येऊन दोनदा हॉर्न वाजवायची आणि तो एक बूट पायात, एक हातात असा पळायचा. वहिनी मागून डबा घेऊन. त्याच वेळी आप्पा पेटी काढून रविवारच्या गीतांचे सूर धरून बघायचे, मग वार कुठलाही असो. आई चुलीपुढे बसून दोन्ही आवाजांवर एकच शेरा मारायची, "झोपलेल्याला उठवायला येशू लागत नाही, तुम्ही दोघं पुरे." शनिवारी शेंगोळी असायची. हुलग्याचं पीठ मळून त्याच्या वळकट्या करायच्या, लसूण घालून उकळायच्या, आणि पातेल्याच्या बुडाशी जो घट्ट रस्सा राहील तो रूथताईचा, हे ठरलेलं होतं. तिच्या लग्नानंतर तो बुडाचा रस्सा कुणी मागितला नाही. आई पातेलं तसंच भिजत घालायची.

रोज संध्याकाळी जेवणाआधी घरची प्रार्थना व्हायची. आप्पा मुलांची नावं वयाच्या क्रमाने घ्यायचे: दानिएल, रूथ, सुनीता. रूथताईने दौंडला जाऊन नोंदणी पद्धतीने लग्न केलं त्या संध्याकाळपासून ती नावं दानिएल, सुनीता अशी झाली. आप्पांनी आरडाओरडा केला नाही, तिच्या वस्तू फेकल्या नाहीत, की कुणाला शपथ घातली नाही. मधलं नाव गेलं एवढंच. रूथताई रांजणगावच्या एका कंपनीच्या ऑफिसात होती आणि तिथल्याच राहुल वाघमारेशी तिची ओळख झाली होती. राहुल दौंडकडच्या खुटबावचा, बौद्ध. आप्पांचं म्हणणं एकच होतं, की त्याने बाप्तिस्मा घ्यावा. राहुलचं म्हणणं होतं, की त्याच्या आजोबांनी एकदा धर्म बदलला तेवढा त्याच्या घराला पुरेसा आहे. दोघांनी आपापलं म्हणणं एकेकदाच मांडलं आणि पुढे ते बदललं नाही. कंपाउंडात सगळ्यांना हे माहीत होतं. पण पंच म्हणून आप्पांनी ते स्वतःच्या तोंडाने कधी सांगितलं नव्हतं, आणि त्यांनी सांगितलं नाही म्हणून कुणी विचारलं नव्हतं.

जुबिलीच्या कमिटीने ठरवलं, की स्मरणिकेत मंडळीतल्या प्रत्येक कुटुंबाचा एक फोटो असावा आणि तो घरच्या अल्बमातला नको, सगळ्यांचा सारखा, व्यावसायिक स्टुडिओने काढलेला असावा. शिरूरमध्ये स्टुडिओ होते. पण दौंडच्या रेल्वे वसाहतीतल्या ख्रिस्ती लग्नांची कामं करणारा एक स्टुडिओ कमिटीच्या ओळखीचा होता आणि त्यांच्याकडे डिजिटल कॅमेरा आला होता. त्यामुळे काम दौंडला गेलं. उपासना झाल्यावर चर्चच्या हॉलमध्ये निळा पडदा लागला, दोन बाजूंना छत्र्यांचे दिवे उभे राहिले आणि मंडळी कुटुंबाकुटुंबाने भिंतीला लागून बसली. पावडरीचा एक डबा या टोकापासून त्या टोकापर्यंत फिरला. आता शिरूर-दौंड रस्त्यावर लग्नाआधीच्या शूटिंगसाठी ड्रोन घेऊन पोरं येतात, घोड नदीच्या काठावर नवरी तीन वेळा कपडे बदलते आणि जाणारा येणारा बघतसुद्धा नाही. तेव्हा दोन दिव्यांच्या छत्र्या बघायला शेजारच्या वस्तीतली माणसं खिडक्यांना लटकली होती.

स्टुडिओचे मालक लोंढे स्वतः आले होते. पन्नाशीचा, बारीक, सतत बोलणारा माणूस. आमच्या आधी साळव्यांचं कुटुंब होतं. त्यांचे आबा आदल्या पावसाळ्यात वारले होते. साळव्यांचा मोठा मुलगा म्हणाला, "आमच्या आबांना पण घ्यायचंय."

"घेऊ की," लोंढे म्हणाले. "आबांची जागा सोडा मधी. आवो एवढी नको, आबा काय पैलवान व्हते का?"

"जोर काढायचे तरुणपणी."

"फोटोत जोर काढत न्हाईत. सरका. हां. आन् आबांचा एक सुटा फोटो पाठवा, समोर बघतानाचा. बसवून देतो, कुणाला कळणार न्हाई कवा आलते आन् कवा गेलते."

सगळे हसले, साळवेकाकूही डोळे पुसत हसल्या. त्या काळात ही पद्धत गावोगाव पसरली होती. कॉम्प्युटर आल्यामुळे वारलेल्या माणसाला लग्नाच्या, बारशाच्या, साखरपुड्याच्या फोटोत उभं करता येऊ लागलं होतं. फोटो काढताना त्याच्या मापाची जागा सोडायची आणि मागून त्याला तिथे बसवायचं. त्या रविवारी साळव्यांखेरीज आणखीही कुटुंबांनी अशी जागा सोडली.

मग आमचं नाव पुकारलं गेलं. पुढे दोन खुर्च्यांवर आप्पा आणि आई बसले. आप्पांच्या गुडघ्यावर पवित्र शास्त्र, आईच्या मांडीवर दादाचा मुलगा. मागे दादा, वहिनी आणि मी उभे राहिलो. लोंढे कॅमेऱ्यात डोळा घालत होते तेव्हा आई मागे वळली आणि हळू आवाजात मला म्हणाली, "सुने, थोडी सरक. अजून. बास." वहिनी आणि माझ्यामध्ये एका माणसाएवढी जागा झाली. आप्पा समोर बघत होते. आपल्या खुर्चीच्या मागे काय आहे ते त्यांना दिसत नव्हतं. लोंढ्यांनी कॅमेऱ्यातून ती जागा पाहिली, डोकं वर काढून आईकडे पाहिलं आणि काही विचारलं नाही. एवढ्या बोलक्या माणसाने आमच्या फोटोच्या वेळी फक्त "मान सरळ, आप्पा" एवढंच म्हटलं. दिवा लखलखला आणि पुढच्या कुटुंबाला बोलावणं गेलं.

पुढचा भाग आईने मला नंतर सांगितला. डोळे तपासायचं कारण सांगून ती दौंडला गेली. रूथताईने जाताना आपले सगळे फोटो नेले होते, एक सोडून. तो तिच्या दृढीकरणाच्या, म्हणजे मोठेपणी मंडळीसमोर विश्वास कबूल करण्याच्या विधीच्या, दिवशीचा होता. आमच्यात दृढीकरणाला मुली पांढरा पोशाख घालतात. तोच फोटो आईने पदराखाली धरून नेला. लोंढे एका लग्नाच्या कामाला गेले होते, कॉम्प्युटरवर त्यांचा माणूस बसला होता. आई म्हणाली, "शिरूरच्या जुबिलीचं आहे. ह्यात जागा सोडली आहे, तिथे हिला बसवा. माझी थोरली." माणसाने फोटो घेतला, मागे पेन्सिलीने काहीतरी लिहिलं आणि आईला बसायला स्टूल दिलं. पाणीही दिलं. आईला त्या स्टुलाचं आणि पाण्याचं नवल वाटलं, पण दौंडची माणसं चांगली आहेत असं समजून ती परत आली. तयार फोटो सीडीवर घालून थेट छापखान्यात गेले. ते आधी कुणाला दाखवायचे असं कमिटीच्या डोक्यात आलं नव्हतं. आईचा विचार साधा होता. एकदा छापून आलं की आप्पांना ते पुसता येणार नाही. रूथताई मंडळीच्या पुस्तकात, आपल्या घरच्या माणसांत, सगळ्यांसमोर उभी असेल. आणि ती उभी असेल तर तिला पहिल्या बाळंतपणाला घरी आणायचा शब्द काढता येईल.

स्टुडिओच्या बाजूने काय झालं ते स्मरणिका आल्यावर मी आणि दादा मोटारसायकलवर दौंडला जाऊन विचारून आलो. लोंढे फार खजील झाले होते. "आवो ताई, जागा कुणासाठी सोडतात?" ते म्हणाले. "आजवर एकानं बी जित्या माणसासाठी सोडली न्हाई. जिता माणूस येतो की फोटोला."

"पण विचारायचं तरी."

"असल्या वेळी विचारत न्हाई आम्ही. विचारलं की माणूस रडतंय. पोरानं पांढरा ड्रेस बघितला, आईचं तोंड बघितलं, आन् नेहमीसारखं केलं. उजेड टाकला, खालून फिका केला. चांगलं काम केलं बिचाऱ्यानं." मग त्यांनी जीभ चावली.

पुढे वृत्तपत्राच्या डेस्कवर काम करताना मला पहिल्याच महिन्यात शिकवलं गेलं, की मृत्यूची बातमी दोन स्वतंत्र ठिकाणांहून खातरजमा झाल्याशिवाय सोडायची नाही, आणि त्यातलं एक ठिकाण घर असलं पाहिजे. ते मला कुणी पटवून देण्याची गरज पडली नाही.

सणाच्या रविवारी चर्च शेतमालाने भरलं होतं. ज्वारीची कणसं, भोपळे, उसाच्या मोळ्या, कुणाची तरी पाय बांधलेली कोंबडी मधूनच ओरडणारी. स्मरणिकेचं प्रकाशन उपासनेच्या शेवटी झालं आणि बाहेर मांडवात प्रीतिभोजन होतं, पुलाव, आमटी आणि बुंदी. माणसं एका हाताने जेवत होती, दुसऱ्या हाताने पानं उलटत होती. मी वाढत होते. आधी आमच्या पंगतीचा आवाज कमी झाला, मग शेजारच्या. नगरकडून आलेल्या एक बाई उठल्या, खरकट्या हातानेच आईजवळ आल्या आणि डाव्या हाताने त्यांनी तिचा दंड धरला. "रूथ कधी गेली गं? आम्हाला फोन नाही, पत्र नाही."

आईच्या हातात आमटीची बादली होती. ती म्हणाली, "गेली नाही. खुटबावला आहे."

बाईंनी तिला जवळ ओढलं आणि तिच्या पाठीवरून हात फिरवला. दुःखाने माणूस असं बोलतं, असं त्यांना वाटलं असावं. आईने बादली खाली ठेवली आणि स्मरणिका मागितली. त्यापूर्वी तिने फोटो पाहिलेला नव्हता. तो पाहून तिने पान मिटलं, बादली पुन्हा उचलली आणि ती पंगत पुरी वाढली.

घरी आल्यावर आप्पांनी चष्मा लावला आणि ते पान बराच वेळ बघितलं.

"हा फोटो दौंडला कुणी दिला?"

"मी."

"मला विचारलं नाहीस."

"विचारलं असतं तर नाही म्हणाला असतात."

"आणि हे वलय?"

"ते मी सांगितलं नाही. मी बसवा म्हणाले. देवाशपथ."

"शपथ घेऊ नकोस," आप्पा म्हणाले आणि स्मरणिका कपाटात ठेवून आले. संध्याकाळच्या प्रार्थनेत त्यांनी "दानिएल" म्हटलं आणि ते थांबले. आम्ही डोळे मिटून वाट बघत होतो. मग त्यांनी एकदम प्रभूची प्रार्थना सुरू केली. त्या दिवशी माझंही नाव आलं नाही.

दुसऱ्या दिवसापासून माणसं भेटायला येऊ लागली. बाळंतपणात काही कमीजास्त झालं असावं, असा कंपाउंडाचा अंदाज होता. सासरच्यांनी काही केलं असावं, असाही एक होता. आई दारातच प्रत्येकाला सांगायची, "ती चांगली आहे, फोटोत चूक झाली." माणसं तिच्या खांद्यावरून आत बघायची. आत आप्पा खुर्चीवर बसलेले असायचे आणि ते काही बोलायचे नाहीत. पंच बोलत नाहीत म्हटल्यावर लोक आईच्या बोलण्याचा हवा तो अर्थ घेऊन परत जायचे. काहींनी जाताना, दुखवट्याच्या घरी ठेवतात तशी, साखरेची पुडी ठेवली.

कमिटीचे सेक्रेटरी रणपिसेमामा मंगळवारी आले. "आप्पा, दोन ओळी द्या. चिठ्ठी छापून रविवारी वाटून टाकू. विषय संपला."

"बघतो."

दादा पहिल्या पाळीवरून नुकताच आला होता, तोंड धूत होता. तो तसाच ओल्या तोंडाने आत आला. "बघतो काय आप्पा? माणूस जिवंत आहे की नाही एवढंच सांगायचंय."

"एवढंच नाही सांगता येत," आप्पा म्हणाले. "जिवंत आहे म्हटलं की कुठे आहे ते आलं. कुणाच्या घरी ते आलं. कुणी लावून दिलं ते आलं. पंधरा वर्षं मी त्या बाकावर बसून दुसऱ्यांच्या पोरांना तेच विचारलंय."

"मग मेलेली चालते?"

रणपिसेमामांनी चहा अर्धा ठेवला. तो रविवार चिठ्ठीशिवाय गेला.

बातमी तोवर रांजणगावला पोचली होती. राहुलला त्याच्या लाइनवरच्या एकाने विचारलं, "वाघमारे, तू कामावर कसा? वहिनी गेल्या म्हणतेत." राहुलने मशीन बंद केलं, गेटवर जाऊन खुटबावच्या किराणा दुकानात फोन लावला आणि रूथताईला बोलावून आणायला सांगितलं. ती पिठाच्या हातानेच आली. "भाकरी टाकतेय मी. काय झालं?" राहुल सांगतो, तो रिसीव्हर धरून तसाच उभा राहिला आणि ती पलीकडून "हॅलो, हॅलो" करत राहिली.

त्यानंतरच्या रविवारी, उपासना संपून मंडळी पायऱ्या उतरत असताना, रूथताई कंपाउंडाच्या फाटकातून आत आली. सोबत तिची सासू, कौसल्याबाई. निळ्या काठाचं पांढरं लुगडं, हातात एसटीचं चुरगळलेलं तिकीट. राहुलची पाळी असल्यामुळे तो नव्हता. रूथताई पाय फाकून, कमरेवर हात ठेवून, संथ चालत होती. पायऱ्यांवरची माणसं जागच्या जागी थांबली. एका बाईने तोंडावर पदर घेतला.

"जयभीम," कौसल्याबाई मोठ्याने म्हणाल्या.

आप्पा वरच्या पायरीवर होते. सवयीने त्यांचा हात कपाळाकडे गेला. "सलाम," ते म्हणाले, आमच्या मंडळीत भेटल्यावर म्हणतात तसं.

"इवाई, ही तुमची पोर. नीट बघून घ्या. हात लावून बघा, सावली पडतीया का बघा. आमच्या घरात दोन वेळा जेवतीया, झोपतीया, माझ्याशी भांडतीया. आन् तुमच्या बुकात मेली. आमचा पोरगा कामावर रडत हुभा राह्यला, म्हाईत हाय का? काय खरं आन् काय खोटं, ते ह्या समद्यांम्होरं सांगा."

"आत चला," आप्पा म्हणाले.

"आत कशाला? छापलं ते आत छापलं व्हतं व्हय?"

"आत्या, चला," रूथताई म्हणाली. "मला बसायला पाहिजे."

त्यावर कौसल्याबाई लगेच वळल्या आणि तिच्या काखेत हात घालून तिला पायऱ्या चढवू लागल्या. आम्ही सगळे चर्चचे पाद्री, पाळकसाहेब, यांच्या खोलीत गेलो. आई रूथताईच्या शेजारी जमिनीवर बसली आणि तिने तिची सुजलेली पावलं मांडीवर घेतली. रणपिसेमामांनी टेबलावर स्मरणिका उघडून ठेवली होती. रूथताईने ती ओढून घेतली. तिने तो फोटो तेव्हाच पहिल्यांदा पाहिला.

"आई, दुसरा फोटो नव्हता का गं? ह्यात माझे कान केवढे दिसतात."

मला हसू आलं. आईलाही आलं आणि त्याच्यातच तिला रडू फुटलं.

"तुमचं मूळ गाव कंचं, इवाई?" कौसल्याबाईंनी विचारलं. त्या बसल्या नव्हत्या.

"शिरूर."

"त्येच्या आदी? मिशनात यायच्या आदी?"

आप्पा खिडकीकडे बघत राहिले. "बरं, ऱ्हाऊ द्या," त्या म्हणाल्या. "लिवा आता. मामा, तुमच्याकडं पेन हाय. लिवा, रूथ राहुल वाघमारे, मुक्काम खुटबाव, जिती हाय."

"'हयात आहे' असं लिहितो," रणपिसेमामा म्हणाले.

"त्ये बी चालंल."

त्यांनी लिहिलं आणि मग पेन वर धरून आप्पांकडे पाहिलं. "आप्पा, सुरुवातीला 'आमची कन्या' असं घालू ना? खाली तुमचं नाव?"

खोलीत सगळ्यांना कळलं, की विचारायचं ते आत्ता विचारलं गेलं आहे. बाहेर कुणीतरी सतरंज्या झटकत होतं. रूथताई आप्पांकडे बघत होती, अगदी सरळ. लहानपणी पाढे म्हणताना बघायची तशी. आप्पांनी चष्मा काढला, पुसला, पुन्हा लावला.

"तिचं आज जे नाव आहे ते लिहा," ते म्हणाले. "ते खरं आहे. पुरे."

रणपिसेमामांनी कागदाची घडी घातली.

"आन् बाळातपण?" कौसल्याबाईंचा आवाज आता खाली आला होता. "पहिलं हाय. म्हायारी असतंय. मी करीन न्हाई असं न्हाई. माझे हात पाय हायेत. पण पोरीला वाटतं ना."

आई उठून उभी राहिली. "मी नेते घरी. आजच नेते."

आप्पा काही म्हणाले नाहीत. हो म्हणाले नाहीत, नाहीही म्हणाले नाहीत. मी त्यांच्या समोर उभी होते म्हणून हे खात्रीने लिहिते.

रूथताईने आईचा हात धरून स्वतःला उठवलं. "नको आई. अशी नाही येणार मी. तूच ये तिकडे. शेंगोळी कर, ह्यांच्यात हुलग्याला कुणी विचारत नाही."

"आमच्यात विचारत्यात," कौसल्याबाई म्हणाल्या. "तुला करता येत न्हाई."

दोघी दुपारच्या गाडीने गेल्या. आईने त्यांना घरी जेवायला चला म्हटलं. रूथताईने फाटकापासून घराकडे एकदा पाहिलं आणि गाडीची वेळ झाली असं सांगितलं.

चिठ्ठीचा कागद मीच छापखान्यात दिला. छापून आली ती अशी: "दुरुस्ती. स्मरणिकेतील छायाचित्रात मागील ओळीत दिसणाऱ्या सौ. रूथ राहुल वाघमारे, मु. खुटबाव, या हयात आहेत." वर कन्या नव्हती, खाली नाव नव्हतं. मी नंतर वृत्तपत्रात बऱ्याच दुरुस्त्या लिहिल्या. इतकी बिनचूक दुरुस्ती माझ्या हातून झाली नाही.

पुढच्या रविवारी रणपिसेमामा चिठ्ठ्या दाराशी ठेवून देणार होते, ज्याला हवी त्याने घ्यावी. आप्पांनी गठ्ठा त्यांच्याकडून मागून घेतला. उपासनेनंतर ते दारात उभे राहिले आणि बाहेर पडणाऱ्या प्रत्येकाच्या हातात त्यांनी स्वतः चिठ्ठी दिली. ज्यांनी वाचून काही विचारलं त्यांना ते म्हणाले, "लिहिलंय ते बरोबर आहे." नगरच्या बाई त्या दिवशी नव्हत्या. त्यांच्यासाठी एक चिठ्ठी पाकिटात घालून त्यांनी पत्ता लिहिला.

रूथताईचे दिवस भरत आले तेव्हा आईने पिशवी भरली. डिंक, हळीव, खोबरं, हुलग्याचं पीठ, जुन्या मऊ लुगड्यांच्या घड्या. सगळं स्वयंपाकघरात उघड्यावर मांडून भरलं. आप्पा येता जाता बघत होते. तिने त्यांना विचारलं नाही, आणि त्यांनी कुठे निघालीस असं विचारलं नाही. त्या सकाळी दादा पहिल्या पाळीला गेला होता, वहिनी मुलाला घेऊन दवाखान्यात होती. पिशवी जड होती. आप्पांनी ती उचलली. ते पुढे आणि आई मागे असे दोघं स्टँडपर्यंत चालत गेले. आप्पांनी पिशवी तिच्या पायाशी सीटखाली ठेवली आणि दौंडची गाडी न्हावऱ्याच्या रस्त्याला लागल्यावर ते घरी परत आले.